डाव्या पायाचं माप

आतेच्या पलंगाखाली पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात चपला आहेत, आणि त्यातली एकही कधी कुणाच्या पायात गेलेली नाही. सगळ्या नव्या कोऱ्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. उजव्या पायाच्या सगळ्या तीन नंबरच्या, डाव्या पायाच्या सगळ्या सहाच्या.

आतेचे पाय नेमके उलटे आहेत. उजवा सहाचा, डावा तीनचा. म्हणून चपला घ्यायच्या तर एकाच रंगाचे, एकाच घडणीचे दोन जोड घ्यायचे, पैसे दोन्ही जोडांचे मोजायचे, आणि घरी येऊन उरलेल्या दोन चपला ट्रंकेत ठेवायच्या. टाकवत नाहीत, कारण नव्या आहेत. कुणाला द्याव्या तर तसे पाय कुणाचे असणार?

गोवा मुक्त झाला त्या वर्षी आते तीन वर्षांची होती. डिचोलीच्या घरात तिला चार दिवस ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय उचलेना. पोलिओ हा शब्द घरात नंतर आला. पाय वाचला, पण त्याची वाढ मागे राहिली. बुटांचा इंग्रजी नंबर एक-तृतीयांश इंचाने वाढतो, म्हणजे तीन नंबरांचा फरक म्हणजे बरोबर एक इंच. आतेचं आयुष्य त्या एका इंचाभोवती बेतलेलं आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना तिच्याबरोबर म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो होतो. तिने तिथे विचारलं, "एकेक द्याल का? उजवी सहाची आणि डावी तीनची. पैसे एका जोडाचे घ्या." दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने उरलेल्या दोन चपला हातात धरून दाखवल्या आणि म्हणाला, "बाई, मग ह्यांचं मी काय करू?" आतेने मान हलवली, पर्स उघडली आणि दोन जोडांचे पैसे दिले. परत येताना बसमध्ये ती काही बोलली नाही. मला त्या दुकानदाराचा फार राग आला होता. पुढे मी स्वतः कारखान्यात लागलो तेव्हा कळलं, तो प्रश्न त्याचा नव्हताच. मागच्या सगळ्या साखळीचा तो प्रश्न होता, फक्त त्याच्या तोंडून आला होता.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात १९९४ साली लागलो आणि आजही त्याच कामात आहे. आमच्याकडे औषधाच्या बाटल्यांची झाकणं होतात. वेर्णा काय, कुंडई काय, गोव्यात औषधाचे कारखाने भरपूर. त्यांना झाकणं लागतात, आणि ती लाखांनी लागतात. एका मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, चोवीस कप्पे. मोल्ड मिटतो, प्लॅस्टिकचा वितळलेला दाणा आत शिरतो, पाणी फिरतं, मोल्ड उघडतो आणि चोवीस झाकणं खडखडत ट्रेमध्ये पडतात. काही सेकंदांत पुन्हा चोवीस. रात्रपाळीला तो खडखडाट ऐकताना मला समाधान वाटायचं, अजूनही वाटतं. सगळी झाकणं एकसारखी, एकही वाकडं नाही, हे लहान काम नव्हे. ते साधायला माणसांची आयुष्यं गेली आहेत.

पण झाकणाचा प्रकार बदलायचा म्हटलं की तो खडखडाट थांबायचा. पाऊण टनाचा मोल्ड चेनपुलीने उतरवायचा. त्याआधी पाण्याच्या नळ्या सोडवायच्या, एकेक बोल्ट पान्याने ढिला करायचा. मग दुसरा मोल्ड स्टोअरमधून आणायचा, पुसायचा, चढवायचा, नोझलच्या तोंडाशी नीट बसतोय का बघायचं, बोल्ट आवळायचे, नळ्या जोडायच्या, तो तापायची वाट बघायची. पहिले काही शॉट फेकूनच द्यायचे, कारण झाकण कुठे अर्धवट भरलेलं, कुठे कडेला पापुद्रा आलेला. रंग बदलायचा असेल तर आणखी वेळ. पांढऱ्यावर लाल चढवणं सोपं, पण लालनंतर पांढरं घ्यायचं म्हणजे बॅरलमधून किलोकिलोने दाणा वाहवून टाकावा लागतो आणि तरी बराच वेळ झाकणं गुलाबीसर येत राहतात. म्हणून आमचा प्लॅनर आठवडा आखताना नेहमी फिक्याकडून गडदाकडे जायचा. पांढरं, मग पिवळं, मग निळं, मग लाल, शेवटी काळं. कुठल्या गिऱ्हाइकाला माल कधी मिळणार हे त्याच्या गरजेवर ठरायचं नाही, त्याचा रंग किती गडद त्यावर ठरायचं.

सगळा बदल व्हायला चार तास लागायचे. चार तास मशीन गप्प, माणसं कामात, माल शून्य. हे चार तास पाच लाख झाकणांवर वाटले तर झाकणामागे काही जाणवतही नाही. पाच हजारांवर वाटले तर झाकणापेक्षा खोळंबा महाग. म्हणून साहेब सांगायचे, एकदा मोल्ड चढला की उतरवू नका, चालवत राहा. आम्ही चालवत राहायचो. गोदामात कुणी न मागितलेली निळी झाकणं छतापर्यंत रचलेली असायची, आणि समोर कुणीतरी हिरव्या झाकणांसाठी तीन आठवडे थांबलेला असायचा.

आतेच्या चपलेचं कोडं मला तिथे उलगडलं. चपलेलाही साचा असतो, फर्मा असतो, कापायची डाय असते. प्रत्येक नंबराची वेगळी. ती बसवायला वेळ लागतो आणि तो वेळ हजारो जोडांवर वाटावा लागतो. ज्या पायाला आपल्यासारखे हजार पाय सोबतीला मिळतात त्याला चप्पल स्वस्त मिळते. ज्याला सोबती नाहीत त्याने दोन जोड घ्यायचे.

या पद्धतीचा आद्य पुरुष म्हणून हेन्री फोर्डचं नाव घेतात. त्याने १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा आणला आणि गाडीचा सांगाडा जोडायला लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी त्याची मॉडेल टी १९२५ मध्ये २६० डॉलरला मिळू लागली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या. १९१४ ते १९२५ या काळात रंग एकच, काळा. त्या काळ्या रंगावरून फोर्डची थट्टा करायची पद्धत आहे. मला ती थट्टा करवत नाही. ज्या शेतकऱ्याच्या दारात कधी गाडी येणारच नव्हती त्याच्या दारात ती आली. त्याने रंग विचारला नसेल.

पण एकसारखं करण्यामागे एक गृहीत असतं, की मधोमध कुठेतरी सरासरी माणूस उभा आहे आणि माल त्याच्यासाठी केला की बहुतेकांचं भागतं. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने हे तपासून पाहिलं. विमानं वेगवान झाली होती, अपघात वाढले होते, आणि कॉकपिट मात्र जुन्या सरासरी मापांवर बांधलेली. चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडली: उंची, छाती, हाताची लांबी, असं काय काय. दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास बसणारे किती, हे त्याने मोजलं. ४,०६३ जणांत एकही निघाला नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आतेला जाऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही तर." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

हवाई दलाने मग कॉकपिट प्रत्येकासाठी वेगळं बांधलं नाही. सीट मागेपुढे होणारी केली, पेडल हलणारी केली, पट्टे लांबआखूड होणारे केले. विमान एकच, पण बसणाऱ्याच्या अंगाला लागणाऱ्या चार जागा सैल सोडल्या. आज आपण स्कूटरचा आरसा वळवतो, खुर्ची वरखाली करतो, तिथे हीच युक्ती आहे. साचा कुठपर्यंत न्यायचा आणि कुठे थांबवायचा, हे ठरवण्यातच या धंद्याचं सगळं शहाणपण आहे असं मला दिवसेंदिवस वाटत चाललं आहे.

आमच्या कारखान्यात बदल आला तो खडूच्या एका रेघेतून. बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी जपानच्या शिगेओ शिंगोंबद्दल सांगितलं. टोयोटाच्या कारखान्यात हजार टनांच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणले आणि मग तीन मिनिटांवर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तीन मिनिटांत आमचा पाना सापडत नव्हता.

प्रशिक्षकांनी फळ्यावर उभी रेघ ओढली. एका बाजूला मशीन बंद असतानाच करता येणारी कामं, दुसऱ्या बाजूला मशीन चालू असतानाही करता येणारी. तोवर आम्ही सगळंच मशीन बंद करून करत होतो. स्टोअरमधून मोल्ड आणायलासुद्धा मशीन थांबवायचो! आठवडाभर त्या रेघेच्या एका बाजूची कामं दुसऱ्या बाजूला नेत बसलो. पुढचा मोल्ड आधीच ट्रॉलीवर, पुसून, तापवून तयार. पाण्याच्या नळ्यांना दाबून बसणारे जोड. सगळ्या मोल्डना एकाच जाडीच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे क्लॅम्पची उंची दर वेळी जुळवायला नको. पान्यांची जागा भिंतीवर रंगाने आखली. पहिल्या महिन्यात चार तासांचे दोन झाले, आणि वर्षभरात पन्नास मिनिटं. तीन मिनिटं कधीच झाली नाहीत. पण पन्नास मिनिटांनीही गोदाम रिकामं झालं. वीस हजारांची ऑर्डर घ्यायला साहेब नाही म्हणेनासे झाले. कुणाला झाकणावर उठावाची अक्षरं हवी, कुणाला लहान मुलांना उघडता येऊ नये असं झाकण हवं, कुणाला आंधळ्या माणसाला बोटाने कळेल असा ठिपका हवा. तो ठिपक्याचा मोल्ड पहिल्यांदा मी चढवला होता. ठिपका तांदळाच्या कण्यांएवढा. मी त्या दिवशी पहिलं झाकण डोळे मिटून चाचपून पाहिलं.

मास प्रॉडक्शनकडून मास कस्टमायझेशनकडे, असं या प्रवासाला म्हणतात. कस्टमायझेशन म्हणजे गिऱ्हाइकागणिक वेगळं, आणि मास म्हणजे तेही घाऊक किमतीच्या आसपास. हा जोडशब्द स्टॅन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये वापरला आणि पुढे जोसेफ पाइन यांनी त्याचं शास्त्र मांडलं. दोन्ही शब्द एकमेकांच्या विरुद्ध, तरी एकत्र. मला तो जोड आवडतो, पण त्या नावाखाली जे जे विकलं जातं ते सगळं आवडत नाही.

कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक आहे निवड आणि दुसरं आहे माप. मोबाइलच्या पडद्यावर बुटाचं चित्र येतं, मी तळ लाल करतो, नाडी पिवळी करतो, जिभेवर स्वतःचं नाव घालतो. ही निवड झाली. त्यात मजा आहे, नाही कशाला म्हणू? पण त्या सगळ्या पडद्यांवर मी आतेसाठी शोधलं आहे. बेचाळीस रंग सापडले. डाव्याला एक नंबर आणि उजव्याला दुसरा नंबर टाकायची जागा सापडली नाही. तिला रंग निवडायचे नव्हते. तिला पाय टाकायचा होता.

मापाच्या बाजूने झालेले प्रयत्नही आहेत, आणि ते मला जास्त मोलाचे वाटतात. जपानमध्ये पॅनासॉनिकच्या सायकल कारखान्याने १९८७ मध्ये एक योजना काढली. दुकानात मापाच्या चौकटीवर माणसाला बसवायचं, त्याच्या हातापायांची मापं घ्यायची आणि कारखान्याला फॅक्स करायची. तिकडे सांगाडा त्याच्या मापाने जोडला जायचा. मॉडेल, रंग, मापं धरून एक कोटी बारा लाखांहून जास्त प्रकार होऊ शकत होते. सायकल तीन तासांत तयार व्हायची, पण गिऱ्हाइकाच्या हातात दोन आठवड्यांनी पडायची. आपल्यासाठी खास काही घडतंय याची वाट बघण्यातला आनंद लोकांना मिळावा, म्हणून ते मुद्दाम थांबत. लिव्हाइजनेही १९९४ मध्ये बायकांच्या मापाच्या जीन्स शिवून द्यायला सुरुवात केली होती. ती योजना २००३ मध्ये बंद पडली. नुसतं यंत्र असून भागत नाही. माप घेणारा माणूस लागतो, ते माप जपणारं कुणी लागतं, आणि त्यासाठी थांबणारं गिऱ्हाईक लागतं.

या तिन्ही गोष्टी मी लहानपणापासून बघत आलो होतो, फक्त त्यांना हे नाव नव्हतं. माझ्या मामाची माशेलला चित्रशाळा होती, म्हणजे गणपती घडवायची जागा.

आमच्याकडे गणपती बाजारात जाऊन उचलून आणत नाहीत. श्रावणात घरचा पाट चित्रशाळेत नेऊन ठेवायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेला गणपती घरी आणायचा. मामाच्या पडवीत तेव्हा पाटांची रांग लागलेली असायची. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागाचा, कुणाचा कडा झिजून गोल झालेला. पाटाच्या उलट्या बाजूला खडूने घराण्याचं नाव. मी मामाला एकदा विचारलं होतं, की माणूस काही न सांगता पाट टेकवून निघून जातो, मग त्याला कसा गणपती हवा ते तुला कळतं कसं? मामा म्हणाला, "पाटच सांगतो." पाटाची रुंदी म्हणजे त्या घरच्या मखराची रुंदी. बाकीचं वहीत.

ती वही लाल कापडी बांधणीची होती. एकेका घराला अर्धं पान. सोंड डावी. पीतांबर पिवळा, शेला लाल, निळा चालत नाही. उंदीर उजव्या अंगाला. शेजारी शंकर-पार्वती. वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-भाज्यांची चौकट) खाली येते म्हणून मुकुट बसका. कुठे एखाद्या वर्षापुढे लिहिलेलं, सुतक, पाट आला नाही. कुठे, थोरला मुलगा वेगळा झाला, त्याचा पाट निराळा. अशी दीडशेच्या आसपास घरं.

आणि तरीही मामा प्रत्येक मूर्ती पहिल्यापासून हाताने घडवायचा नाही. एवढ्या मूर्ती एका माणसाला तशा होणारच नाहीत. त्याच्याकडे साचे होते, पाच-सहा मापांचे, पुढचा आणि मागचा असे दोन भाग. भिजवून मळलेली चिकणमाती तो अंगठ्याने साच्यात दाबत जायचा. अंगठा एका लयीत फिरायचा, जाडी सगळीकडे सारखी, कारण कुठे जाड कुठे पातळ राहिलं तर सुकताना तडा जातो. दोन्ही भाग पातळ मातीने सांधले की पोटापर्यंतचं अंग तयार. ते सगळ्यांचं सारखं. हात, सोंड, मुकुट, उंदीर हे मात्र साच्यात नव्हते. ते पाट जवळ ओढून, वही उघडून, हाताने लागायचे. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे रेखायच्या दिवशी मामा कुणाशी बोलायचा नाही. आम्ही मुलं अंगणात असायचो.

कारखान्यात मला जे वीस वर्षांनी शिकवलं, की सामाईक भाग आधी करून ठेवा आणि वेगळेपण जितकं शेवटाकडे ढकलता येईल तितकं ढकला, ते मामाच्या पडवीत होतं. साचा कुठे थांबवायचा हे त्याला माहीत होतं. पोटाशी थांबवायचा.

त्या वहीत आमचंही पान आहे. आमच्या घरी आजोबांनंतर गणपतीची पूजा बाबा करत, पण आरतीचं ताट पहिलं आतेच्या हातात. तिला फार वेळ उभं राहवत नाही. मामाने कुणी न सांगता एका वर्षी मूर्ती बसकी केली आणि बाबांना निरोप पाठवला की चौरंग काढा, पाट नुसता खाली ठेवा. त्या वर्षी आतेने पहिल्यांदा बसून, गणपतीच्या डोळ्यांत बघत आरती केली. वहीत एवढंच लिहिलं आहे: "उंची एक वीत कमी. ताई बसते."

वेगळेपणाचं हे एवढं कौतुक करताना एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर आतेच मला माफ करणार नाही. तिचा पाय ज्याने गेला त्या रोगाला आपल्या देशातून कुणी हटवलं असेल तर ते एकसारखेपणाने. तेच दोन थेंब, श्रीमंताच्या मुलाला आणि गरिबाच्या मुलाला, डिचोलीत आणि बिहारमध्ये. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. माझ्या मुलीला त्या प्रत्येक रविवारी शाळेतल्या केंद्रावर नेलं ते आतेने. मी किंवा बायकोने नेलेलं तिला चालायचं नाही. छोटं अंतर, पण ती लंगडत, मुलीचं बोट धरून जायची, थेंब पडलेले स्वतः बघायची आणि बोटावरची शाईची खूण घरी सगळ्यांना दाखवायची. देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ती बातमी तिने पेपरातून कापून देवघरात ठेवली आहे. जिथे सगळ्यांची गरज एकच आहे तिथे एकच साचा लाखोंनी चालवणं हे पुण्याचं काम आहे.

आणि जिथे गरज थोडी वेगळी आहे तिथेही कधीकधी एका रेघेने भागतं. रक्तदाबाच्या गोळीच्या मधोमध बारीक खाच असते ना, ती. डॉक्टरांनी आतेला अर्धी गोळी सांगितली आहे. रोज रात्री ती अंगठ्याने त्या खाचेवर दाबते आणि गोळीचे दोन सारखे तुकडे होतात. वेगळी गोळी काढावी लागली नाही. गोळी दाबणाऱ्या पंचमध्ये एक धार ठेवली, बस. (ज्या गोळीला खाच नाही ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये. काही गोळ्यांचं वरचं आवरण औषध हळूहळू सुटावं म्हणूनच असतं.)

गेल्या काही वर्षांत साच्याशिवायच वस्तू बनवायची विद्या आली आहे. थ्रीडी प्रिंटरला मोल्ड नसतो, थरावर थर चढवत तो वस्तू उभी करतो. दुसरी वस्तू पहिलीसारखी केली काय आणि वेगळी केली काय, त्याला सारखंच. कानात बसणाऱ्या श्रवणयंत्राची कवचं आज याच पद्धतीने होतात, कारण दोन कान सारखे नसतात. माझी झाकणं त्याला द्यावी असं मला वाटत नाही. माझ्या मशीनवर काही सेकंदांत चोवीस पडतात, तिथे एकालाच बराच वेळ लागेल. झाकण साच्यातच व्हावं. कान साच्यात होऊ नये.

पायाचंही तसंच. जयपूर फूट बघा. १९६८ साली रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. त्यातलं पाऊल साच्यातलं, ठरावीक मापांचं. पण मांडी किंवा पोटरी जिथे आत जाते तो भाग त्या माणसाच्या अंगावरून माप घेऊन घडवतात. पुन्हा तेच, साचा कुठे थांबवायचा ते ठरवलेलं.

आणि आता पायांची मोजणीही झाली आहे. आपण इतकी वर्षं इंग्रजी आणि युरोपी पायांसाठी आखलेल्या नंबरांत आपले पाय कोंबत आलो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅन केले तेव्हा दिसलं की आपले पाय त्या मापांहून रुंद आहेत. आपल्या नव्या नंबरांना त्यांनी नाव दिलंय 'भा'. मला ते वाचून आनंद झाला. एका देशाने आपले पाय मोजून घेणं ही साधी गोष्ट वाटत नाही मला. अर्थात रुंदी सुधारली तरी आतेचा जोड त्यात बसणार नाही.

या चैत्रात मी तिला पणजीजवळच्या एका केंद्रात घेऊन गेलो. पायांचे आजार असलेल्यांसाठी तिथे बूट करून देतात. एक तरुण मुलगी होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने आतेला खुर्चीवर बसवलं, चप्पल स्वतः वाकून काढली आणि पाय काचेच्या पेटीवर ठेवायला सांगितला. आधी उजवा, मग डावा. पडद्यावर डावा पाय उमटला आणि मुलीने तो फिरवून दाखवला: वरून, बाजूने, खालून. आतेने चष्मा सारखा केला.

"हा माझा?"

"हो आजी."

सहासष्ट वर्षांत तिने आपल्या डाव्या पायाचा तळवा असा सरळ समोर कधी पाहिला नव्हता. कमान खोल, टाचेचा भार एका कडेवर, चवड्याजवळ घट्टा. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हे माप आता कुणाकडे राहणार?"

मुलगी म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये. पुढच्या वेळी नुसता फोन केलात तरी चालेल."

"आणि तू इथे नसलीस तर?"

मुलीला काय उत्तर द्यावं ते कळलं नाही. मला मामाची वही आठवली. मामा गेला तेव्हा मामेभावाने आधी साचे नाही आवरले, ती वही कपाटात कुलपाखाली ठेवली होती. साचे पुन्हा करता येतात. आते म्हणाली, "मला एका कागदावर लिहून दे. दोन्ही पायांचं." मुलीने लिहून दिलं. लांबी, रुंदी, कमान, टाचेखाली किती उचल, सगळं. आतेने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

माशेलला मामेभावाकडे मी या वर्षीही पाट घेऊन गेलो. आता बरेच जण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, असाच हवा म्हणतात. तो पाठवू देतो, पण पाटाशिवाय माती मळत नाही. आमचा पाट उलटा करून त्याने नाव वाचलं, वही उघडली, पान काढलं. वाचायची गरज नव्हती त्याला. तरी वाचलं.

बूट माप दिल्यानंतर तीन आठवड्यांनी आले. साधे, तपकिरी, पट्टा लावायचे. डाव्याचा तळ आतून उचललेला, बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे दिसणारे. आतेने ते घालून ओसरीवरून तुळशीपर्यंत चालून पाहिलं, परत आली आणि पुन्हा गेली. काही बोलली नाही. मग बसून पेटी हातात घेतली. झाकणावर कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलं होतं: उजवा ६, डावा ३. खाली, जोड १.

तिने ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मी पेटी टाकायला घेतली तर म्हणाली, "राहू दे ती."